एसी पंप, ज्याचा एसीशी काही संबंध नाही

मागच्या भागावर खूप मेसेज आले, सगळ्यांना उत्तरं द्यायला जमलं नाही, सॉरी. आजचा भाग थोडा वेगळा आहे. इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घराच्या अंगणातून करतो.

साताऱ्याला आमच्या घरी एक पद्मिनी आहे. प्रीमियर पद्मिनी, १९८८ सालची. आजोबांनी नंबर लावून घेतलेली. आजोबा गेले, गाडी राहिली. आता ती बाबा चालवतात, म्हणजे रविवारी मंडईत, सणावाराला कोरेगावला आत्याकडे, एवढंच. मी हिंजवडीत कोड लिहितो आणि महिन्यातून एकदा घरी जातो.

गेल्या दिवाळीआधी घरी गेलो तर बाबा भलतेच खूश होते. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली आणि माझ्यासमोर धरली. "बघ. छत्तीस-सदतीस वर्षांची गाडी झाली, पण ऑइल खात नाही. उलट वाढतंय!"

मी हसलो. मग थांबलो. उलट वाढतंय म्हणजे काय?

पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. मी पट्टी नाकाशी नेली, तर पेट्रोलचा वास. नुसता भास नाही, पंपावर उभं राहिल्यावर येतो तसा सणसणीत वास. ऑइल बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ. आणि प्लॅन काय होता? पाडव्याला आजीला घेऊन ह्याच गाडीने पुण्याला यायचं आणि भाऊबीज करून परत जायचं. सातारा-पुणे रस्ता ज्यांना माहितीये त्यांना कळेल: तेव्हा जाताना खंबाटकीचा बोगदा लागायचा, पण येताना अख्खा घाट चढावा लागायचा. इंजिनमध्ये पातळ झालेलं ऑइल आणि समोर घाट.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतले जुने गॅरेजवाले काका आले. सत्तरीचे आहेत, आजोबांच्या वेळेपासून गाडी बघतात, मधली दोन-तीन वर्षं तब्येतीमुळे गॅरेज बंद होतं. त्यांनी पट्टीचा वास घेतला आणि दोन शब्द बोलले.

"एसी पंप."

मी म्हटलं, "काका, हिला एसी कुठे आहे?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले की माझी बीटेकची डिग्री मला परत करावीशी वाटली. (हसतो.)

तर मंडळी, आजचा भाग त्या दोन अक्षरांबद्दल आहे. आपल्याकडे जुन्या गाडीच्या इंजिनाला जो पेट्रोल ओढणारा पंप असतो, त्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात. कंपनी कुठलीही असो, एसी पंपच. जसं कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं. आणि हे ए आणि सी म्हणजे एअर कंडिशनर नाही. ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत: अल्बर्ट चॅम्पियन.

हा माणूस फ्रेंच. पेशाने सायकलपटू. पॅरिस-रुबे नावाची एक भयंकर सायकल शर्यत आहे, दगडी रस्त्यांवरून जाते, आजही होते. १८९९ ची ती शर्यत ह्याने जिंकली. मग अमेरिकेत गेला, मोटरसायकली आणि गाड्यांच्या शर्यतींत पडला, पाय मोडून घेतला आणि शेवटी स्पार्क प्लग बनवायच्या धंद्यात आला. पहिली कंपनी बॉस्टनमध्ये काढली, पण भागीदारांशी फाटलं. तो बाहेर पडला आणि 'चॅम्पियन' हे नाव त्या कंपनीकडेच राहिलं. म्हणजे स्वतःचं आडनाव स्वतःच्या मालावर टाकायची सोय उरली नाही! म्हणून मिशिगनमधल्या फ्लिंट गावात नवीन कारखाना उभा राहिल्यावर प्लगवर छापलं एसी. पुढे ही कंपनी जनरल मोटर्सकडे गेली. चॅम्पियन १९२७ मध्ये वारला आणि त्याच सुमारास, विसाच्या दशकाच्या अखेरीला, ह्या एसी कंपनीचा पडद्याचा पेट्रोल पंप गाड्यांना बसायला लागला. तो इतका पसरला की जगाच्या दुसऱ्या टोकाला, साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये, त्या सायकलपटूची आद्याक्षरं अजून रोज उच्चारली जातात. कोणाची, हे न कळता.

आता प्रश्न असा की पंप लागतोच कशाला?

तुमच्यापैकी अनेकांनी पहिली गाडी म्हणून स्प्लेंडर चालवली असेल, बीएस-सिक्सच्या आधीची. टाकी वर, इंजिन खाली. कॉक फिरवला की पेट्रोल आपोआप उतरतं. पंप नाही, वायर नाही. गुरुत्वाकर्षण फुकट आहे. सुरुवातीच्या मोटारीही अशाच होत्या. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७ पर्यंत बनली, तिची टाकी पुढच्या सीटखाली असायची. सपाटीवर ठीक. पण उभा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की टाकी आणि कार्बोरेटर जवळजवळ एका पातळीत यायचे आणि पेट्रोल वाहायचं थांबायचं. लोक काय करायचे? गाडी वळवायचे आणि चढ रिव्हर्समध्ये चढायचे! विनोद वाटेल, पण हा त्या काळचा खराखुरा उपाय होता. शिवाय सीटखाली पेट्रोलची टाकी घेऊन बसायचं हे वेगळंच.

टाकी मागे न्यायची, सुरक्षित ठेवायची, तर ती इंजिनच्या पातळीला किंवा खालीच येणार. मग पेट्रोल वर चढवायचं कसं? मधली काही वर्षं व्हॅक्यूमची टाकी चालली: इंजिन हवा ओढतं त्याच ओढीने मागचं पेट्रोल बॉनेटखालच्या एका छोट्या डब्यात यायचं आणि तिथून खाली कार्बोरेटरमध्ये पडायचं. कल्पना छान. पण लांब चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला की इंजिनमधली ती ओढ जवळपास संपते. म्हणजे पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच डबा भरायचा थांबतो! ड्रायव्हरला मध्येच पाय काढून डबा भरू द्यावा लागायचा. आमच्या टीममध्ये असल्या डिझाइनला काय म्हणतात ते मी इथे सांगत नाही.

ह्या दोन्ही भानगडींवर उत्तर म्हणजे एसी पंप. आणि मी जे वाचलं, नंतर हातात घेऊन बघितलं, ते सांगतो, कारण मला ह्या वस्तूचं खरंच कौतुक वाटतं.

मुठीएवढं धातूचं डबडं. मधोमध एक पडदा, कापड आणि रबर मिळून केलेला, त्याला डायफ्राम म्हणतात. खाली एक लिव्हर, तो इंजिनच्या आत जातो. इंजिनात कॅम शाफ्ट फिरत असतो, त्यावर एक वाकडं चाक असतं, ते लिव्हरला ढकलतं. लिव्हर पडद्याला खाली ओढतो, वरच्या जागेत पोकळी होते, टाकीतून पेट्रोल येतं. मग पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. येण्याचा एक व्हॉल्व्ह, जाण्याचा एक. बस. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅम शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा हा खेळ चालतो.

पण खरी गंमत पुढे आहे. लिव्हर फक्त खाली ओढतो. वर ढकलायचं काम स्प्रिंगचं. कार्बोरेटरची वाटी भरली की त्यातला तरंगणारा गोळा वर येतो आणि सुई बंद करतो. आता पेट्रोल पुढे जाऊ शकत नाही. मग पडदा दाबाखाली तसाच खाली थांबतो आणि लिव्हर मोकळाच हलत राहतो, पडद्याला न ओढता. वाटीतलं पेट्रोल संपलं, सुई उघडली, की स्प्रिंग परत ढकलते. जेवढं लागेल तेवढंच. दाब किती, तर त्या स्प्रिंगच्या जोराएवढा, साधारण तीन-चार पीएसआय.

माझ्यासोबत जे डेटा स्ट्रीमिंगवर काम करतात ते आता हसत असतील, कारण ह्याला आम्ही बॅकप्रेशर म्हणतो. घेणारा भरला की देणाऱ्याने थांबायचं. आम्ही त्यासाठी लायब्ररी टाकतो, मीटिंग घेतो, तरी रात्री तीनला सर्व्हर झोपतो. इथे एका स्प्रिंगने शंभर वर्षांपूर्वी ते सोडवलंय. सेन्सर नाही, चिप नाही.

आता ह्याच पंपाचा दुसरा गुण, ज्याच्यावर आमची गोष्ट अडकली.

पडदा म्हणजे शेवटी कापड आणि रबर. तो कधी ना कधी फाटणार. हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पडद्याच्या वर पेट्रोल, खाली लिव्हरची जागा आणि ती जागा सरळ इंजिनच्या ऑइलच्या टाकीला जोडलेली. म्हणजे पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये. पेट्रोलने ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरची ऑइलची पातळ साय फाटते, लोखंड लोखंडाला लागतं. सुरुवातीला टकटक, मग खडखड, मग इंजिन खोलायचा खर्च. शिवाय ऑइलच्या टाकीत पेट्रोलची वाफ साठणं हे काही शांत झोप लागण्यासारखं नाही.

म्हणून ह्या पंपांना पडद्याखालच्या भागात, बाहेरच्या बाजूला, एक बारीक भोक ठेवलेलं असतं. मुद्दाम. पडदा गळायला लागला की पेट्रोल त्या भोकातून बाहेर ठिबकतं. तुम्हाला वास येतो, गाडीखाली डाग दिसतो, पंपाच्या अंगावर ओल दिसते. पंप तुम्हाला सांगत असतो की माझा पडदा गेला, बघा. बाहेर ठिबकणारं पेट्रोलही धोक्याचं, गरम इंजिनाशेजारी तर फारच. पण ते दिसतं. आत जाणारं दिसत नाही.

आमच्या गाडीचं भोक कुठाय?

काकांनी आधी बाकीचे संशयित बाजूला केले, आणि ही पद्धत मला फार आवडली. ऑइल वाढलंय म्हटल्यावर तीन शक्यता. एक, रेडिएटरचं पाणी आत गेलंय. मग ऑइल दुधाळ होतं, चहासारखं. आमचं नव्हतं. दोन, कार्बोरेटरची सुई अडकलीय आणि वाटी भरभरून वाहतेय, ते पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतंय. मग प्लग ओले आणि काळे निघतात, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. काकांनी चारही प्लग काढले: कोरडे, तपकिरी. तीन, पंप. मग रबरी नळ्या, क्लिपा, जोड सगळं मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. (काकांनी सांगितलं की पूर्वी एक पोरगा काडी पेटवून बघायचा. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.) सगळं कोरडं. पंपाच्या बाहेरही ओल नाही. मी म्हटलं, "काका, पंप गळत असता तर बाहेर आलं असतं ना?"

काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पंपाच्या पोटावरची काळी राप खरवडली. खाली पांढरट काहीतरी लागलं. लांबी. गाडीच्या पत्र्यावर रंगाआधी भरतात ती लांबी. कुणीतरी भोक बुजवलं होतं.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मागच्या पावसाळ्याआधी गाडीखाली पेट्रोल ठिबकत होतं, हे त्यांना तेव्हा आठवलं. काकांचं गॅरेज बंद होतं, म्हणून हायवेच्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी दहा मिनिटांत 'लीक' बंद करून दिलं. शंभर रुपये. बाबांना वाटलं काम झालं. ठिबकणं बंद झालं होतंच की! तेव्हापासून गाडी फार तर तीन-चारशे किलोमीटर चालली असेल. पडद्याला भेग बारीक, त्यामुळे पंप काम करतच होता आणि गाडी मस्त चालत होती. फक्त पेट्रोलचा एक वाटा दर फेरीला गुपचूप ऑइलमध्ये जात होता, आणि बाबा दर रविवारी पट्टी बघून खूश होत होते.

मित्रांनो, मी हे ऐकून बाबांना काही बोललो नाही, कारण मी स्वतः हे केलंय. प्रोडक्शनला एरर येतेय, मॅनेजर डोक्यावर उभा, मग आपण काय करतो? ट्राय लिहितो, कॅच लिहितो आणि कॅचच्या आत काहीच लिहीत नाही. एरर बंद. लॉग स्वच्छ. सगळे खूश. तीन महिन्यांनी डेटाबेसमध्ये कचरा सापडतो. तो रिकामा कॅच ब्लॉक म्हणजे ही लांबी आहे.

पण मला त्या गॅरेजवाल्या पोराचाही नुसता राग येत नाही. त्याचा जन्मच बहुधा इंजेक्शनच्या गाड्यांच्या काळातला. भोकातून गळतंय म्हणजे भोक हाच बिघाड, असं त्याला वाटलं असणार. ते भोक कशासाठी आहे हे सांगणारं कोणी त्याच्या आसपास उरलं नसेल. आणि हे का झालं, त्यासाठी पद्मिनीच्या इतिहासात थोडं जावं लागेल.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन गाड्या जोडायचे, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून फियाट ११०० डी बनायला लागली आणि तीच गाडी सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. नाव बदललं, पण गाडी मुळात तीच राहिली, १०८९ सीसीचं इंजिन, आणि त्याच्या अंगाला चिकटलेला पडद्याचा पंप. उत्पादन थांबलं ते २००० च्या सुमारास. म्हणजे इटलीत कधीच मागे पडलेली गाडी आपल्याकडे पस्तीसेक वर्षं बनत राहिली. का? लायसन्स राज. कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं.

ह्यात खूप वाईट होतं. पण एक परिणाम असा झाला की एकच गाडी, एकच पंप, तीन पिढ्यांच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेला. पंप नवीन घ्यायची पद्धतच नव्हती. पंपाचं किट मिळायचं: पडदा, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, पॅकिंग. पंपाच्या दोन वाट्या स्क्रूंनी जोडलेल्या असायच्या. स्क्रू काढा, पडदा बदला, बंद करा. रस्त्याच्या कडेलासुद्धा व्हायचं. आमच्या डिकीत आजोबांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात मला एक जुनं, न वापरलेलं किट सापडलं, पिवळ्या पडलेल्या पुडीत. शेजारी एक पंचा, घडी घातलेला.

पंचा कशाला, हे मी बाबांना विचारलं. उन्हाळ्यात घाटात फियाट बंद पडायची. पंप गरम इंजिनाला चिकटलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना दाब कमी होतो. दाब कमी आणि उष्णता जास्त, मग पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं आणि पंप नुसती वाफ चघळत बसतो. मिस्त्री म्हणतात एअर घेतली, पुस्तकात ह्याला व्हेपर लॉक म्हणतात. उपाय: पंचा ओला करायचा, पंपावर टाकायचा, गाडीच्या सावलीत बसून कांदा-भाकरी खायची आणि निघायचं. मे महिन्यात खंबाटकीत, कसाऱ्यात, बोरघाटात बॉनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या फियाट तुमच्या आई-बाबांनी नक्की बघितल्या असतील, विचारा त्यांना. ही मात्र ह्या पंपाची मुळातली खोट होती, जागेची. आजच्या गाडीत विजेचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि मागून ढकलतो, पुढून ओढत नाही. म्हणून तो उकळण्याचा प्रकारच संपला.

पंपाचा काळ संपला तो मात्र उकाड्यामुळे नाही, धुरामुळे. २००० च्या आसपास भारत स्टेजचे नियम आले, कार्बोरेटर त्यात बसेना, इंजेक्शन आलं. इंजेक्शनला तीन-चार पीएसआय पुरत नाहीत, चाळीसच्या पुढे लागतात. एका स्प्रिंगचं ते काम नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनी अजून वीस वर्षं टिकली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. पेपरात तेव्हा खूप आठवणी छापून आल्या. त्या टॅक्सींसोबत रोज हे पंप उघडणारे हातही निवृत्त झाले, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

ह्या मधल्या काळात आणखी एक गोष्ट बदलली: पेट्रोल. २०२२ मध्ये आपण पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलपर्यंत पोचलो, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्केवाल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत बहुतेक सगळ्या पंपांवर तेच आलं. इथेनॉल काही प्रमाणात उसाचं. म्हणजे आमच्या टाकीत आता साताऱ्याचा ऊसही आहे! मला त्याचं वाईट वाटत नाही, आमचे अर्धे नातेवाईक ऊसवाले आहेत. पण पडद्याचं रबर जुन्या पेट्रोलसाठी निवडलेलं होतं. सुरुवातीचे पडदे रोगण मुरवलेल्या कापडाचे, मग पेट्रोलला टिकणारं कृत्रिम रबर आलं, नायट्राइल वगैरे. नायट्राइल साध्या पेट्रोलला चांगलं टिकतं, पण पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की ते जास्त फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी उभी राहून वाळलं की कडक होऊन तडकतं. आमचा पडदा बहुतेक नव्वदच्या दशकातला होता, तो तसाही गेलाच असता. इथेनॉलने फार तर घाई केली. म्हणून आजोबांचं डब्यातलं किट मी वापरलं नाही. वापरावंसं खूप वाटलं होतं.

नवीन पंप शोधायला मी पुण्यात नाना पेठ पालथी घातली. दोन पर्याय मिळाले. एक स्वस्त, वाट्या पत्र्याने दाबून कायमच्या बंद केलेला. गेला की फेका. दुसरा स्क्रूवाला, जुन्या पद्धतीचा, थोडा महाग, आणि दुकानदाराने सांगितलं की पडदा इथेनॉलला चालणारा आहे. मी दुसरा घेतला. फोनची बॅटरी चिकटवलेली, लॅपटॉपची रॅम चिकटवलेली, निदान हा तरी उघडू दे.

बसवणं तासाभराचं काम होतं. आधी बॅटरीची तार काढली, इंजिन थंड, अंगण मोकळं, आजीला तुळशीपाशी दिवा लावू नको म्हणून सांगितलं. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्यात एक बोल्ट खुपसला, नाहीतर ती ठिबकत राहते. दोन नट काढले, पंप हातात आला. काकांनी जुन्या पंपाच्या येणाऱ्या तोंडावर माझं बोट ठेवायला लावलं आणि लिव्हर दाबला. चांगला पंप बोट ओढून धरतो, काही सेकंद सोडत नाही. हा धरतच नव्हता. मग स्क्रू काढून वाट्या उघडल्या. पडद्यावर मधल्या चकतीच्या कडेला, जिथे तो सेकंदाला पंचवीसदा दुमडतो तिथेच, नखाएवढी भेग. बस, एवढीच.

नवीन बसवताना दोन गोष्टी काकांनी बजावल्या. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडायचं आणि नवीन त्याच जाडीचं घालायचं, कारण पंप किती आत बसतो त्यावर लिव्हरची चाल ठरते: जाड झालं तर पंप कमी ओढतो, पातळ झालं तर लिव्हरवर ताण. आणि लिव्हर वाकड्या चाकाच्या उंच बाजूला अडत असेल तर नट जोरात आवळून ओढायचं नाही, इंजिन हाताने थोडं फिरवायचं, म्हणजे पंप आपणहून बसतो. मग दोन्ही नट आळीपाळीने. त्यानंतर, आणि हे लोक विसरतात, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. नुसता पंप बदलून ते पेट्रोल मिसळलेलं ऑइल तसंच ठेवलं असतं तर आम्ही पण लांबीच भरली असती.

कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारला, इग्निशनची वायर काढून. चार-पाच फेऱ्यांनंतर पेट्रोल आलं, चुळका-चुळका, एका लयीत. नळी जोडली, गाडी चालू केली. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या पंपाकडे टॉर्च लावून बघत उभे होतो. भोक उघडं, कोरडं.

पाडव्याला आजीला घेऊन पुण्याला गेलो. भाऊबीजेनंतर परतताना खंबाटकी चढलो, दुसऱ्या गियरमध्ये, बाबा स्टिअरिंगवर. डिकीत ओला पंचा होता, आजीने हट्टाने ठेवायला लावला. लागला नाही.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. आवाजात तीच जुनी खुशी. "अरे, आज पट्टी बघितली. ऑइल थोडं कमी झालंय!"

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी अशी कुठली जुनी गाडी असेल तर पट्टीचा वास घ्या आणि मला कळवा.